विश्लेषण : साडेतीन तासांत एकट्याने आकाशात, मग आज दीड हजार तास कशाला? जेआरडी टाटांचे आयुष्य आणि वैमानिकाच्या उड्डाणतासांचा हिशेब

नळदुर्ग : बारावीनंतर वैमानिक व्हायचे म्हटले की घरात पहिला प्रश्न खर्चाचा निघतो आणि दुसरा तासांचा. कोणी ४० तास सांगतो, कोणी २००, कोणी १५००. तीनही आकडे खरे आहेत, पण ते तीन वेगवेगळ्या परवान्यांचे आहेत. भारतात वैमानिकाचा पहिला परवाना मिळवणारे जेआरडी टाटा अवघ्या साडेतीन तासांच्या शिकवणीनंतर एकटे विमान घेऊन उडाले होते. त्यानंतर ५३ वर्षांनीही ते विमान चालवत होते. त्यांच्या आयुष्यातले टप्पे पाहिले की आजच्या नियमांतला प्रत्येक तास कशासाठी मागितला जातो, हे समजायला सोपे जाते.

जेआरडी विमानाकडे कसे वळले?

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे टाटा घराण्यातले, तर आई सुझान फ्रेंच. त्यांचे बालपण फ्रान्स आणि मुंबई यांत वाटले गेले. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्डेलो या गावी कुटुंब उन्हाळ्यात राहायला जाई. १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचेही घर त्याच गावात होते. किनाऱ्याच्या वाळूवर विमाने उतरताना लहानग्या जेआरडींनी पाहिली. पंधराव्या वर्षी तिथेच त्यांना विमानात बसून एक फेरी मारायला मिळाली. विमान चालवायचेच, हे त्यांच्या मनाने तेव्हाच घेतले.

मात्र ही इच्छा पुरी व्हायला जवळपास दहा वर्षे गेली. मधल्या काळात त्यांनी फ्रेंच सैन्यात सक्तीची नोकरी केली, १९२५ च्या अखेरीस मुंबईत टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवारी सुरू केली आणि पुढच्याच वर्षी वडिलांचे छत्र हरपले. भारतात तेव्हा विमान शिकण्याची सोयच नव्हती. १९२८ मध्ये मुंबईत फ्लाइंग क्लब स्थापन झाला आणि जुहूच्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. तिथल्या पहिल्या काही शिकाऊंमध्ये जेआरडी होते.

साडेतीन तासांत एकट्याने उड्डाण कसे शक्य झाले?

१९२९ च्या जानेवारीत जेआरडींची शिकवणी सुरू झाली. शिक्षकाबरोबर सुमारे साडेतीन तास उडून झाल्यावर त्यांना एकट्याने विमान नेण्याची परवानगी मिळाली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांच्या हाती परवाना आला. त्यावर क्रमांक होता १. भारतात दिला गेलेला तो पहिला वैमानिक परवाना.

आजच्या विद्यार्थ्याला हे अशक्य वाटेल. पण दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात. पहिले एकट्याने उड्डाण म्हणजे सोलो. विद्यार्थी विमान सुरक्षित उडवून पुन्हा उतरवू शकतो, अशी शिक्षकाची खात्री झाल्यावर तो खाली उतरतो आणि विमान विद्यार्थ्याच्या हाती देतो. परवाना ही त्यापुढची गोष्ट आहे. जेआरडींच्या काळात या दोहोंत काही दिवसांचेच अंतर होते. विमाने हलकी आणि संथ होती, आकाश मोकळे होते, नियंत्रण कक्षाशी बोलायला रेडिओही नव्हता. शिकायचे होते ते मुख्यतः विमान हाताळणे.

आज खासगी वैमानिक परवाना, म्हणजे पीपीएल, मिळवायला भारतात किमान ४० तासांचे उड्डाण लागते. त्यातले निदान २० तास एकट्याने करावे लागतात. त्यातही ५ तास एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर जाण्याचे, म्हणजे क्रॉस कंट्री उड्डाणाचे असावे लागतात. वयाची अट १७ वर्षे पूर्ण अशी आहे. शिकायला सुरुवात करण्यासाठीचा विद्यार्थी परवाना १६ व्या वर्षी मिळतो. हा खासगी परवाना स्वतःच्या हौसेसाठी आहे. त्यावर विमान चालवून मोबदला घेता येत नाही.

आगाखान स्पर्धेतून कोणता धडा मिळतो?

परवाना मिळाल्यानंतर वर्षभरातच जेआरडी मोठ्या प्रवासाला निघाले. भारत आणि इंग्लंड यांतील अंतर एकट्याने विमानातून कापणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडांचे बक्षीस आगाखान यांनी जाहीर केले होते. मे १९३० मध्ये जेआरडी जिप्सी मॉथ विमान घेऊन कराचीहून इंग्लंडच्या दिशेने निघाले. अवघे १७ वर्षांचे अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून उलट दिशेने येत होते.

इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी यांचे विमान स्पार्क प्लगअभावी अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले आणि पुढचा प्रवास सुरू केला. अस्पी काही तासांच्या फरकाने आधी पोहोचले आणि बक्षीस त्यांना मिळाले. हेच अस्पी इंजिनिअर पुढे १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते.

ही हकिकत खिलाडूवृत्तीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. वैमानिकाच्या शिक्षणाच्या दृष्टीने तिच्यात आणखीही काही आहे. जुहूच्या मैदानाभोवती घिरट्या घालणे आणि अनोळखी प्रदेशावरून हजारो मैल जाणे यांत फार फरक आहे. वाट शोधणे, इंधनाचा हिशेब, बदलते हवामान, अनोळखी धावपट्टी, बिघाड झाल्यावर करायची तजवीज, हे सगळे लांबच्या प्रवासातच शिकायला मिळते. म्हणून आजच्या नियमांत नुसते एकूण तास पाहत नाहीत, क्रॉस कंट्रीचे तास वेगळे मागतात. त्यातही विमानाची जबाबदारी पूर्णपणे स्वतःकडे असलेले तास वेगळे मोजतात. त्यांना पायलट इन कमांड तास म्हणतात.

टपाल वाहायचे तर वेगळे काय लागते?

जेआरडींच्या आयुष्यातला पुढचा टप्पा हौशी वैमानिकाकडून व्यावसायिक वाहतुकीकडे जाणारा आहे. ब्रिटिश हवाई दलात काम केलेले नेव्हिल व्हिन्सेंट भारतात आले होते. लंडनहून येणारे हवाई टपाल इम्पिरियल एअरवेज कराचीपर्यंत आणत असे. ते पुढे मुंबई आणि मद्रासपर्यंत विमानाने न्यावे, अशी व्हिन्सेंट यांची कल्पना होती. जेआरडींनी ती उचलून धरली. टाटा समूहाचे तेव्हाचे प्रमुख सर दोराबजी टाटा यांचे मन वळवून सुमारे दोन लाख रुपयांचे भांडवल मिळवण्यात आले. १९३२ मध्ये सरकारशी करार झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी कराचीच्या द्रिग रोड धावपट्टीवरून पस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या घेऊन निघाले. अहमदाबादला इंधन भरले. तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणलेले होते. दुपारी दोनच्या आत ते जुहूला उतरले. तिथून टपाल घेऊन व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. भारतातल्या नियमित हवाई वाहतुकीची ही सुरुवात मानली जाते. ताफ्यात दोन छोटी विमाने होती आणि होमी भरुचा यांना धरून वैमानिक होते तीन.

१९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात या सेवेने सुमारे १ लाख ६० हजार मैलांचे उड्डाण केले आणि टपालाबरोबर १५५ प्रवासीही नेले. हौशी वैमानिक हवा बिघडली तर घरी बसू शकतो. टपालाच्या विमानाला वेळापत्रक असते आणि त्यात इतरांचा माल आणि जीव असतो. म्हणून मोबदला घेऊन विमान चालवणाऱ्याकडून जगभर अधिक अनुभवाची अपेक्षा केली जाते.

भारतात आज व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, किमान २०० तास लागतात. वय १८ पूर्ण असावे लागते. या २०० तासांची ठळक विभागणी अशी :

• पायलट इन कमांड म्हणून १०० तास.

• त्यात क्रॉस कंट्रीचे निदान २० तास. यात एक प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचा, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून केलेला असावा. नळदुर्गहून मुंबई रस्त्याने जेवढी दूर आहे, त्याहून हे अंतर जास्त आहे.

• रात्रीच्या उड्डाणाचे ५ तास, ज्यात १० वेळा उड्डाण आणि १० वेळा उतरणे.

• फक्त उपकरणांवर पाहून विमान चालवण्याचे १० तास. यातले ५ तास सिम्युलेटरवर करता येतात.

• अर्ज करण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत निदान १५ तास.

खासगी परवान्यासाठी केलेले तास या २०० मध्ये धरले जातात. त्यामुळे ४० अधिक २०० असा हिशेब करण्याचे कारण नाही.

पाऊस, ढग आणि रात्र : इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणजे काय?

टपालसेवेच्या सुरुवातीच्या काळात जेआरडींच्या वैमानिकांकडे ना रेडिओ होता, ना धावपट्टीवर रात्री उतरण्यासाठी दिवे. खालची नदी, रेल्वेचे रूळ, डोंगररांग पाहून वाट काढावी लागे. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे. मुंबई ते पुणे म्हणजे मध्ये सह्याद्री, आणि पावसाळ्यात सह्याद्रीवर ढग बसलेले असतात. डोळ्यांनी जमीन दिसत नसताना उडणे किती जोखमीचे असते, हे त्या वैमानिकांना कोणी वेगळे सांगायची गरज नव्हती.

ढगात शिरल्यावर माणसाचा तोल सांभाळणारा कानातला भाग फसवतो. विमान कललेले असताना ते सरळ आहे असे वाटते, आणि सरळ असताना कलल्यासारखे वाटते. अशा वेळी शरीराला जे जाणवते ते बाजूला ठेवून समोरच्या उपकरणांवर विश्वास ठेवावा लागतो. ही सवय सरावानेच लागते.

या कौशल्याची स्वतंत्र नोंद परवान्यावर होते. तिला इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणतात. त्यासाठी पायलट इन कमांड म्हणून ५० तास क्रॉस कंट्री आणि ४० तास उपकरणांवर आधारित उड्डाण लागते. या ४० मधले २० तासांपर्यंत सिम्युलेटरवर चालतात. कागदोपत्री हे रेटिंग व्यावसायिक परवान्याचा भाग नाही. पण विमान कंपनीत नोकरी हवी असेल तर ते लागतेच. म्हणून विद्यार्थी २०० तासांची आखणी करतानाच हे तास त्यात बसवतात.

तास मोजतात कसे?

विमान हवेत असतानाचा वेळ म्हणजे उड्डाणतास, असा अनेकांचा समज असतो. नियमानुसार विमान उड्डाणासाठी स्वतःच्या शक्तीने जागेवरून हलले की मोजणी सुरू होते. उड्डाण संपवून ते पूर्ण थांबले की ती संपते. धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि परत येण्याचा वेळ त्यात येतो.

प्रत्येक उड्डाणाची नोंद लॉगबुकात होते. तारीख, विमानाचा प्रकार आणि नोंदणी क्रमांक, कुठून कुठे, शिक्षकाबरोबर की एकट्याने, दिवसा की रात्री, उपकरणांवर किती वेळ, असे रकाने त्यात असतात. एकच उड्डाण एकाहून अधिक रकान्यांत जाऊ शकते. रात्री एकट्याने दुसऱ्या गावी केलेला दोन तासांचा प्रवास एकूण तासांत, पायलट इन कमांडमध्ये, क्रॉस कंट्रीत आणि रात्रीच्या तासांत धरला जातो. म्हणून चांगला शिक्षक प्रत्येक उड्डाण नीट आखतो. आखणी नसेल तर २०० तास पूर्ण होतात आणि एखादा रकाना अपुरा राहतो. मग त्या रकान्यासाठी पुन्हा उडावे लागते आणि प्रत्येक जादा तासाचे पैसे घरातूनच जातात.

तास असूनही परवाना हुकलेल्यांचीही उदाहरणे आहेत. १९३६ मध्ये परवाना मिळवणाऱ्या सरला ठकराल यांनी जिप्सी मॉथवर एक हजार तासांचा पल्ला गाठला होता. त्यांना व्यावसायिक परवाना हवा होता. दुसरे महायुद्ध सुरू झाले, नागरी प्रशिक्षण थांबले आणि ती वाट बंद झाली.

निजामाच्या राज्यातल्या या भागाशी जेआरडींचा काय संबंध?

नळदुर्ग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मुंबई आणि हैदराबाद यांच्यामध्ये नकाशावर सरळ रेषा ओढली तर ती धाराशिव आणि तुळजापूरच्या आसपासून जाते. रस्त्याने जाणारा महामार्ग तर नळदुर्गातूनच जातो. १९४५ मध्ये निजाम सरकार आणि टाटा एअरलाइन्स यांनी भागीदारीत डेक्कन एअरवेज ही कंपनी काढली. तिचा मुक्काम हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावर होता. मराठवाडा ज्या संस्थानात होता, त्याच्या स्वतःच्या विमानसेवेत अशा रीतीने जेआरडींच्या कंपनीचा वाटा होता.

याच डेक्कन एअरवेजमध्ये प्रेम माथूर यांना नोकरी मिळाली. भारतात व्यावसायिक विमान चालवणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९४७ मध्ये त्यांना व्यावसायिक परवाना मिळाला होता, पण अनेक कंपन्यांनी त्यांना नकार दिला होता. डेक्कनने त्यांना सहवैमानिक म्हणून घेतले. मुख्य वैमानिकाच्या जागेसाठी लागणारे तास पूर्ण केल्यावरही ती जागा मात्र त्यांना तिथे मिळाली नाही. तासांची अट पूर्ण झाली की माणूस पात्र ठरतो. खुर्ची देणे न देणे कंपनीच्या हाती असते, ते तेव्हाही होते आणि आजही आहे. डेक्कन एअरवेज १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

दीड हजाराचा आकडा कुठून आला?

टाटांची टपालसेवा पुढे टाटा एअरलाइन्स झाली. १९३८ मध्ये ३४ व्या वर्षी जेआरडी टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. १९४२ मध्ये महायुद्धाच्या काळात एका विमानप्रवासातच व्हिन्सेंट यांचा मृत्यू झाला. १९४६ मध्ये कंपनीचे नाव एअर इंडिया झाले. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. दोन प्रवाशांच्या पस मॉथपासून चार इंजिनांच्या, समुद्र ओलांडणाऱ्या विमानापर्यंतचे अंतर १६ वर्षांत कापले गेले होते. अशा विमानात एकापेक्षा अधिक वैमानिक असतात आणि त्यांच्यातला एक सर्वांसाठी जबाबदार असतो.

याच काळात जगाचे नियमही एक होऊ लागले. १९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली. वैमानिकांच्या परवान्यांचे किमान निकष या संघटनेच्या पहिल्या परिशिष्टात दिलेले आहेत. सदस्य देश त्यांच्या आधारे आपले नियम करतात. जेआरडी १९५८-५९ मध्ये विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, आयाटाचे, अध्यक्ष होते.

मोठ्या प्रवासी विमानाचा कॅप्टन होण्यासाठी लागणारा सर्वोच्च परवाना म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट परवाना, एटीपीएल. त्याला १५०० तास लागतात. भारतात किमान वय २१ आहे. या १५०० मध्ये रात्रीचे १०० तास असावेच लागतात. क्रॉस कंट्री, उपकरणांवरील उड्डाण आणि पायलट इन कमांड यांच्याही वेगळ्या अटी आहेत.

२०० तासांवर नोकरी मिळालेला तरुण उरलेले १३०० तास सहवैमानिक म्हणून करतो. वैमानिकाला वर्षात जास्तीत जास्त १००० तास उडता येते. थकव्यामुळे अपघात होऊ नयेत म्हणून ही मर्यादा आहे. म्हणजे नोकरी लागल्यावरही एटीपीएलच्या तासांना वर्षाहून अधिक काळ लागतोच. त्यानंतर कॅप्टनपदासाठी कंपनीच्या स्वतःच्या अटी आणि परीक्षा असतात.

अमेरिकेत हाच आकडा सहवैमानिकांनाही का लागू झाला?

१२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून ५० जणांचा मृत्यू झाला. वेग कमी झाल्यावर विमानाला आधार देणारी हवेची उचल संपते, त्याला स्टॉल म्हणतात. त्या क्षणी करायची कृती नेमकी उलटी झाली. या अपघातानंतर अमेरिकी काँग्रेसने कायदा केला. २०१३ पासून तिथे प्रवासी विमानाच्या सहवैमानिकालाही साधारणपणे १५०० तासांची अट लागू झाली. त्याआधी २५० तासांच्या व्यावसायिक परवान्यावर ही जागा मिळू शकत होती. लष्करी वैमानिक आणि ठरावीक विद्यापीठांचे पदवीधर यांना काही सवलत आहे.

यातला विरोधाभास असा की, त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांकडे अपघाताच्या वेळीच १५०० हून अधिक तास होते. म्हणून हा नियम योग्य की नाही, यावर आजही वाद आहे. एक बाजू म्हणते, अनुभवाला पर्याय नाही. दुसरी म्हणते, छोट्या विमानातून एकाच मैदानाभोवती हजार घिरट्या घातल्याने मोठ्या विमानातली आणीबाणी हाताळता येत नाही, त्यासाठी सिम्युलेटरवरचे नेमके प्रशिक्षण हवे. भारत आणि युरोपने सहवैमानिकासाठी १५०० तासांची अट घातलेली नाही. इथे व्यावसायिक परवाना, इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि त्या विशिष्ट विमानाचे टाइप रेटिंग यांवर सहवैमानिक होता येते.

तास खोटे लिहिले तर?

तासाला पैसे लागतात, म्हणून तास वाढवून लिहिण्याचा मोह जगभर आहे. २०११ मध्ये भारतात बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची आणि उड्डाणतासांत फेरफार केल्याची प्रकरणे उघड झाली. चौकशा झाल्या, काहींना अटकही झाली. असे परवाने रद्द होतात आणि गुन्हा नोंदवला जातो. पण खरा धोका त्याच्या आधीच असतो. लॉगबुकातला रात्रीचा तास खरोखर रात्री उडालेला नसेल, तर पहिला खरा अंधार प्रवाशांसह समोर येतो.

जेआरडींची कामाची पद्धत याच्या उलट टोकाची होती. १९५३ मध्ये सरकारने एअर इंडिया ताब्यात घेतली, तरी अध्यक्षपदी तेच राहिले. पुढची २५ वर्षे ते स्वतःच्या कंपनीच्या विमानातून प्रवास करत आणि उतरल्यावर बारीकसारीक गोष्टींच्या टिपणी अधिकाऱ्यांना पाठवत. विमानातली स्वच्छता, जेवण, कर्मचाऱ्यांचे वागणे, काहीही त्यातून सुटत नसे. फेब्रुवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाई यांच्या सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केले.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी विमान कसे चालवले?

१५ ऑक्टोबर १९६२ रोजी टपालसेवेला ३० वर्षे झाली, तेव्हा जेआरडींनी कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, ५० वर्षे पूर्ण झाल्यावर, ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास लेपर्ड मॉथ विमानातून आणखी एकदा केला.

प्रवासी विमान कंपनीतल्या वैमानिकाला आजच्या नियमांनुसार ६५ वर्षांनंतर ते काम करता येत नाही. खासगी उड्डाणाला ही अट लागू नाही. मात्र वैद्यकीय तपासणीत पात्र ठरावे लागते आणि सराव चालू ठेवावा लागतो. प्रवासी घेऊन उडायचे असेल तर आधीच्या ९० दिवसांत तीन वेळा उड्डाण आणि तीन वेळा उतरणे झालेले असावे लागते. जुने हजारो तास असले तरी या तीन फेऱ्यांतून सुटका नाही.

१९९२ मध्ये जेआरडींना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले आणि पॅरिसमध्ये त्यांचे दफन झाले.

आज प्रवेश घेणाऱ्याने काय तपासावे?

राज्यात गोंदिया, बारामती अशा ठिकाणी उड्डाण प्रशिक्षण चालते. कोठेही प्रवेश घेण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी मागून घ्याव्यात.

• संस्थेला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, चालू मान्यता आहे का?

• सध्या उडण्यायोग्य विमाने किती, शिक्षक किती आणि विद्यार्थी किती? विमाने कमी असतील तर २०० तासांना वर्षभराऐवजी दोन-तीन वर्षे लागू शकतात.

• शुल्कात २०० तासांची विभागणी कशी आहे? रात्रीचे, क्रॉस कंट्रीचे आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे तास त्यातच आहेत की वेगळे आकारले जाणार?

• हवामान किंवा बिघाड यांमुळे उड्डाण थांबले, तर पैसे आणि मुदत यांचे काय?

• टाइप रेटिंगचा खर्च कोण करणार? बहुतेक वेळा तो विद्यार्थ्यालाच करावा लागतो आणि तो मोठा असतो.

पैसे भरण्यापूर्वी आणखी एक काम करावे. प्रवासी विमान चालवायला पहिल्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. दृष्टी, रंग ओळखणे, ऐकणे, हृदय यांच्या तपासणीत अडचण निघाली, तर भरलेले तास नोकरीसाठी उपयोगी पडत नाहीत. म्हणून शेत गहाण टाकण्यापूर्वी किंवा कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी ही तपासणी डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून करून घ्यावी. प्रत्येक उड्डाणानंतर आपल्या लॉगबुकातली नोंद त्याच दिवशी स्वतः वाचून पाहण्याची सवय पहिल्या तासापासून लावावी.